कानोकानी ते फोनोफोनी

दोस्तांनो, सावदा कुठं आहे, ठाऊक आहे का? जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत सावदा नावाचं स्टेशन लागतं. हा सगळा मुलूख केळीचा. 'जळगावची केळी' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीचं मोठं आगर म्हणजे हाच रावेर-सावदा-फैजपूरचा पट्टा.

आता केळीचं एक असतं, बरं का! कांदा चाळीत ठेवता येतो. कापूस घरात रचून ठेवता येतो. भाव वाढला की विकू, असं म्हणता येतं. केळीचं तसं नाही. घड तयार झाला की कापायलाच हवा, आणि कापला की निघायलाच हवा. नाहीतर पिकून काळा पडणार! म्हणून या भागात सकाळी उठल्याउठल्या विचारायचा प्रश्न एकच : "काय भाऊ, केयीचा आज काय भाव?" (इकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, हे तुम्ही ओळखलं असेलच.)

तुमच्या आजोबांच्या वेळी हा भाव कळायचा कसा? दिल्लीहून परतलेला ट्रकचा ड्रायव्हर सांगायचा. स्टेशनवर वॅगन भरणारे हमाल सांगायचे. फ्रूटसेल सोसायटीच्या ओट्यावर कुणीतरी तार आल्याचं सांगायचं. बऱ्हाणपूरच्या लिलावाहून आलेला पाहुणा सांगायचा. ऐकलेलं माणूस चौकात सांगणार, चौकातला मळ्यात सांगणार. बातमी पायानं चालायची.

आणि आज? सकाळी चहा उकळायच्या आत भाव बाबांच्या मोबाइलवर हजर! रावेरचा किती, बऱ्हाणपूरचा किती, सगळं एका निरोपात. बातमी तीच आहे. फक्त तिची वाट बदलली आणि वेग बदलला.

आज आपण या वाटेचीच गोष्ट बघणार आहोत. मोठी माणसं तिला 'सोशल नेटवर्क' आणि 'सोशल मीडिया' अशा भारदस्त नावांनी हाका मारतात. घाबरू नका, गोष्ट अगदी सोपी आहे. शेवटी शेवटी मात्र ती थोडी दुःखाची होणार आहे. तेवढी मनाची तयारी ठेवा.

ठिपके आणि रेघा

वहीचं एक पान घ्या. मधोमध एक ठिपका काढा. तो तुम्ही. आता आजूबाजूला आई, बाबा, ताई, शेजारच्या काकू, वर्गमित्र, दूधवाले दादा, रिक्षावाले मामा असे ठिपके काढा. ज्यांची एकमेकांशी बोलचाल आहे, त्यांना रेघेनं जोडा. थोड्याच वेळात पानावर कोळ्याचं जाळं तयार होईल. हेच तुमचं सोशल नेटवर्क, म्हणजे माणसांचं जाळं!

हे जाळं माणसाइतकंच जुनं आहे. त्याला वीज लागत नाही, चार्जर लागत नाही. सोशल मीडिया म्हणजे या जाळ्यातून निरोप पाठवायची नवी साधनं. ती मात्र अगदी कालपरवाची. फेसबुक सुरू झालं २००४ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. तुमचे आईबाबा तुमच्या वयाचे होते, तेव्हा यातलं काहीही नव्हतं. पण जाळं होतंच!

या जाळ्याच्या रेघा लांब असतात की आखूड? अमेरिकेत स्टॅनली मिलग्राम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली याचा एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या हातात एक पाकीट द्यायचं. ते बॉस्टनजवळ राहणाऱ्या एका ठरावीक माणसापर्यंत पोचवायचं. पण टपालानं थेट त्याच्या पत्त्यावर नाही! आपण ज्याला चांगलं ओळखतो आणि जो त्या माणसाच्या थोडा जवळचा असेल असं वाटतं, त्यालाच पाकीट पाठवायचं. मग त्यानंही तसंच करायचं. पुढं त्यानं आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं केलेल्या अशाच प्रयोगात २९६ माणसं निवडली होती. त्यातली ६४ पाकिटं मुक्कामी पोचली. आणि मधे हात किती लागले? सरासरी पाच-सहाच! एवढ्या अवाढव्य देशात अनोळखी माणसापर्यंत पोचायला इतकेच हात!

बाकीची पाकिटं कुठं गेली? वाटेत कुणीतरी आळस केला, कुणी विसरलं, कुणी म्हणालं 'जाऊ दे ना!' म्हणजे जाळ्यातून एखादी गोष्ट पुढं जायची की नाही, हे मधल्या माणसाच्या हातात असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढं फार कामाला येणार आहे.

दूरच्या ओळखीची किंमत

आता दुसरी गंमत. नोकरीची खबर आपल्याला कोण देतं? तुम्ही म्हणाल, जवळचे मित्र, नातेवाईक. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनाही हा प्रश्न पडला. त्यांनी नोकरी बदललेल्या लोकांना जाऊन विचारलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे १७ जणच म्हणाले, की खबर देणारा आम्हाला नेहमी भेटणारा होता. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती! हे त्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलं.

असं का होत असेल? विचार करा. तुमच्या जिवलग मित्राला जे माहीत असतं, ते तुम्हालाही माहीतच असतं. एकाच बाकावर बसता ना! नवी बातमी येते ती दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धंद्यातल्या, कधीतरी भेटणाऱ्या माणसाकडून. सावद्याच्या शेतकऱ्याला दिल्लीतली खबर शेजारचा शेतकरी कशी देणार? ती देणार ट्रकवालाच.

आपल्या जुन्या गावांना हे न शिकताच ठाऊक होतं. पहाटे वासुदेव यायचा. पिंगळा यायचा. नंदीबैलवाला यायचा. डौर वाजवत डवरी गोसावी यायचे. गावोगाव फिरून भिक्षा मागणारी ही माणसं गाणी-गोष्टी तर सांगायचीच, पण या गावची खबर त्या गावालाही पोचवायची. गावातली माणसं त्यांच्या पदरात पसाभर धान्य घालायची आणि विचारायची, "पलीकडं पाऊस कसा आहे, महाराज?" अनोळखी माणूस म्हणजे नवी बातमी. त्याला ओट्यावर बसवून पाणी द्यायची रीत होती.

या डवरी गोसाव्यांना विसरू नका. आपल्याला त्यांच्याकडं परत यायचं आहे.

मोबाइल नसतानाची अफवा

तुमच्या आईबाबांना २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवतो का, विचारा. त्या दिवशी सकाळी दिल्लीहून एक बातमी निघाली, की गणपतीची मूर्ती चमच्यानं दूध पिते आहे! दुपारपर्यंत भारतभर, आणि परदेशातल्या देवळांतसुद्धा, दुधाची भांडी घेऊन रांगा लागल्या. व्हॉट्सॲप तर सोडाच, भारतात मोबाइल सेवा सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. हे सगळं झालं घरातल्या साध्या टेलिफोनवर!

मग दूध गेलं कुठं? शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. चमच्याची कड मूर्तीला टेकली की दुधाच्या पृष्ठताणामुळं थेंब ओढला जातो. मग तो पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतो. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध, दिसणार कसं? रंगीत दूध मात्र ओघळताना लगेच दिसलं. तुम्हीही गुळगुळीत दगड आणि रंगीत पाणी घेऊन करून बघा.

त्या दिवशी फारसं कुणाचं नुकसान झालं नाही. दूध तेवढं वाया गेलं. पण एक गोष्ट कळली. अफवा मोबाइलनं जन्माला घातलेली नाही. तिला पाय आधीपासूनच होते. मोबाइलनं तिला पंख दिले.

पंख म्हणजे किती मोठे? चला, हिशेब करू. तुम्ही एक निरोप ५ जणांना पाठवला. त्या प्रत्येकानं तो नव्या ५ जणांना पाठवला. झाले २५. मग १२५, मग ६२५, मग ३१२५, आणि सहाव्या खेपेला १५,६२५! सगळ्यांची बेरीज केली तर १९,५३०. सावद्याची वस्ती साधारण वीस हजार. म्हणजे सहा खेपांत अख्खं गाव! एका खेपेला दहा मिनिटं धरली तर एका तासात. खऱ्या आयुष्यात तोच निरोप त्याच माणसाकडं पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळं आकडा इतका नेमका निघत नाही. पण तोच निरोप चार ठिकाणांहून आला की माणसाला काय वाटतं? "एवढे जण म्हणतात, म्हणजे खरंच असेल!" निघाला असतो तो एकाच तोंडातून. आपल्याला मात्र चार साक्षीदार वाटतात.

राईनपाड्याचा रविवार

आता ती दुःखाची गोष्ट. ती आपल्या खानदेशातलीच आहे.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात देशभर मोबाइलवर निरोप फिरत होते : 'मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा.' सोबत व्हिडिओही असायचे. त्यातल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं एक मूल उचलून नेताना दिसतात. बघणाऱ्याचं काळीज हलावं असं दृश्य! पण तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. तो पाकिस्तानातल्या कराचीत तयार केलेला होता. मुलांकडं लक्ष ठेवा, हे पालकांना सांगण्यासाठी एका संस्थेनं केलेली ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा पाठवून दिला.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजार भरला होता. पाच माणसं तिथं आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. सोलापूरकडच्या भागातून, पिढ्यान् पिढ्यांच्या रिवाजाप्रमाणं भिक्षा मागत फिरत ती इकडं आली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढंच निमित्त झालं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. मोबाइलवरची भीती लोकांच्या डोक्यात आधीच बसलेली होती. 'हेच ते!' असं कुणीतरी म्हणालं. गर्दी जमली. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावानं मारलं. पाचही जण प्राणाला मुकले. एकही मूल पळवलं गेलेलं नव्हतं.

थोडं थांबा, दोस्तांनो. हे वाचून तुम्हाला कसंसंच झालं असेल. व्हायलाच हवं. ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गावांना खऱ्या बातम्या पोचवल्या, त्यांचा जीव एका खोट्या बातमीनं घेतला.

मारणारे कोण होते? कुणाचे बाबा, कुणाचे काका, कुणाचे दादा. त्यांनाही आपल्या मुलांचीच काळजी होती. काळजी खरी होती, पण निरोप खोटा होता. आणि निरोप खरा असता, तरी माणसाला मारायचा हक्क कुणालाही नाही. संशय आला तर पोलिसांना बोलवायचं. गुन्हा कुणी केला हे न्यायालय ठरवतं, गर्दी नाही.

त्याच दिवशी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावातही असाच प्रकार घडत होता. तिथंही पाच जण गर्दीच्या तावडीत सापडले. त्यांच्यात दोन वर्षांचं एक मूलही होतं! पण तिथं काही स्थानिक माणसं मधे पडली. त्यांनी त्या पाच जणांना आसरा दिला, पोलीस धावून आले आणि पाचही जीव वाचले.

दिवस तोच, अफवा तीच, गर्दीही तशीच. फरक कशानं पडला? मधल्या माणसानं! मिलग्रामच्या पाकिटाची आठवण झाली ना?

त्यानंतर काय झालं?

त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं जमावाच्या हिंसेबद्दल कडक निर्देश दिले. अशा घटना रोखायला प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमा, असं सरकारांना बजावलं. व्हॉट्सॲपनंही काही बदल केले. दुसरीकडून आलेला निरोप पुढं पाठवला की त्यावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, खूपदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. तेव्हा असे निरोप पुढं पाठवण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनं सांगितलं.

बघा, केवढी साधी युक्ती! वाट बंद केली नाही, फक्त वेग कमी केला. विचार करायला वेळ मिळाला, की माणूस थांबतो.

पण खोटं इतकं पळतं का? मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्या त्यात तपासल्या होत्या. १५०० माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीपेक्षा सुमारे सहापट वेळ लागत होता! हे काही यंत्रांचं काम नव्हतं. माणसंच खोटी बातमी जास्त पुढं ढकलत होती. खोटी बातमी नवलाची असते, तिच्यात दचकवणारं काहीतरी असतं. 'आज केळीचा भाव कालइतकाच आहे' हे कोण कशाला पुढं पाठवील? 'केळी खाऊ नका, विष आहे!' म्हटलं की बोट लगेच वळवळतं. आणि मग शेतकऱ्याचा घड झाडावरच पिकतो. मार्च २०२० च्या सुमारास कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो, अशी अफवा उठली होती. तिनं महाराष्ट्रातल्या कोंबडीपालकांचं कंबरडं मोडलं. पोटावर पाय पडायला खरा रोग लागत नाही, खोटा निरोपही पुरतो.

मग आपण काय करायचं?

फोन फेकून द्यायचा का? छे! याच फोनवर केळीचा भाव कळतो, वादळाचा इशारा मिळतो, पुण्यातली ताई घरच्यांशी बोलते. विळ्यानं बोट कापतं, म्हणून कुणी भाजी चिरायचं सोडत नाही. विळा धरायला शिकायचं असतं.

निरोप आला की स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. हे कुणी पाहिलं? 'माझ्या मित्राच्या मामानं सांगितलं' म्हणजे कुणीच पाहिलेलं नाही.

२. कुठं आणि कधी? गाव, तारीख, पोलीस ठाणं यांतलं काहीच नसेल, तर सावध व्हा. राईनपाड्याच्या आधी फिरणाऱ्या व्हिडिओचं गावच दुसरं होतं, देशच दुसरा होता.

३. हे वाचून मला एकदम राग आला का? भीती वाटली का? वाटली असेल, तर बोट बाजूला ठेवा आणि पाणी प्या. भीती वाटत असताना निरोप पुढं पाठवायचा नाही.

४. हे खोटं निघालं, तर कुणाचं नुकसान होईल? त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं आणा.

आणि खरोखरच एखादं मूल संकटात दिसलं तर? व्हिडिओ काढत बसू नका. जवळच्या मोठ्या माणसाला सांगा आणि १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. निरोप पुढं पाठवण्यापेक्षा हा एक फोन जास्त कामाचा.

आईबाबा, आता थोडं तुमच्यासाठी. इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्या स्वतःच्याच नियमानं १३ वर्षांखालच्या मुलांनी तिथं खातं उघडायचं नाही. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या कायद्यात, १८ वर्षांखालच्या मुलांची खासगी माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायलाच बंदी केली. पण कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंतच येतो. घरात मुलं तुमचंच बघून शिकतात. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी आलेला निरोप तुम्ही न वाचताच पुढं ढकललात, तर मुलांना दुसरं काय सांगणार? उलट, मुलानं "बाबा, हे खरं आहे का?" असं विचारलं, तर रागावू नका. तुमच्या घरात एक चांगला मधला माणूस तयार होतो आहे!

आणि हो, मुलांनो, मोठ्यांना चूक दाखवताना जरा बेतानं! "आजोबा, हे खोटं आहे!" असं चारचौघांत ग्रुपवर लिहू नका. जवळ जाऊन बसा आणि म्हणा, "आजोबा, हे आपण दोघं मिळून तपासू या का?" आजोबांना तुमच्याबरोबर बसायला आवडेलच.

आता या आठवड्याचा उद्योग. सुरुवातीला काढलेलं ठिपक्यांचं पान पुन्हा काढा. घरच्यांना विचारून, आठवडाभरात घरी आलेल्या अशा एका निरोपाचा माग काढा. बाबांना कुणी पाठवला? त्यांना कुणी? त्यांच्याही आधी कुणी? पानावर उलट्या दिशेनं रेघ ओढत जा. पहिल्या माणसापर्यंत पोचलात, तर शाबास! पण बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या ठिपक्यापाशी कुणीतरी म्हणेल, "काय की बुवा, आला होता कुठूनतरी."

बस्स! त्या ठिपक्यापाशी लाल पेननं एक फुली मारा. ज्या निरोपाचा बाप सापडत नाही, तो आपल्या ठिपक्यापासून पुढं जाऊ द्यायचा नाही.

आणि परवा कुणी डौर वाजवत, नाहीतर नंदीबैल घेऊन तुमच्या दारात आलं, तर फोन बाजूला ठेवा. त्यांना पाणी विचारा. "कुठून आलात? पलीकडं पाऊस कसा आहे?" असं विचारा. बघा तरी, काय काय ऐकायला मिळतं ते!